ब्राउझरची कटकट बंद कशी करायची: नव्याने कॉम्प्युटर घेतलेल्यांसाठी

घरी किंवा दुकानात कॉम्प्युटर येऊन थोडे दिवस झाले की स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात चौकटी उगवायला लागतात. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’, ‘अभिनंदन, तुम्ही मोबाईल जिंकलात’, ‘ही बातमी पाहून थक्क व्हाल’. सातबारा काढायला बसलेला माणूस दचकतो आणि विचारतो, “भाऊ, हे काय येऊन राहिलं? व्हायरस घुसला काय?”

बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कधीतरी, कुठेतरी, कोणीतरी ‘अलाउ’, म्हणजे परवानगी द्यायचं बटण, दाबलेलं असतं. ते काढायला पैसे लागत नाहीत, तालुक्याला सीपीयू घेऊन जावं लागत नाही आणि फॉरमॅट तर अजिबात मारावं लागत नाही. फक्त एक सवय लावून घ्यावी लागते: समोर काही नको ते दिसलं की बंद करायला धावायच्या आधी ते कोण दाखवतंय ते ओळखायचं. चुकीच्या ठिकाणी शोधत बसलं की अर्धा दिवस जातो आणि चौकट येतच राहते.

कोण बोलतंय?

नको असलेली गोष्ट दाखवणारे चौघे असतात: एखादी वेबसाइट, खुद्द ब्राउझर (क्रोम, एज, फायरफॉक्स), विंडोज, आणि ब्राउझरमध्ये कोणीतरी टाकलेलं एक्सटेंशन, म्हणजे त्याला जोडलेला छोटा प्रोग्राम.

ब्राउझर खाली करून ठेवलाय, तुम्ही एक्सेलमध्ये हिशेब करताय आणि तरी कोपऱ्यात चौकट येते, तर तिच्याकडे नीट पाहा. मजकुराच्या खाली किंवा वर बारीक अक्षरात एका साइटचा पत्ता आणि क्रोमचं किंवा एजचं नाव असतं. तो पत्ता दिसला म्हणजे हे वेबसाइटचं काम. नवीन टॅब उघडल्यावर बातम्यांची रांग लागत असेल, उजव्या कडेला चिन्हांची उभी पट्टी दिसत असेल, तर ते ब्राउझरचं स्वतःचं. खालच्या टास्कबारवर हवामान दिसतं आणि माऊस जवळ नेला की बातम्यांचा पसारा उघडतो, ते विंडोजचं. आणि प्रत्येक साइटवर, अगदी सरकारी पानावरसुद्धा, जाहिराती दिसत असतील किंवा शोधायला गेल्यावर भलतंच पान उघडत असेल, तर एक्सटेंशनवर संशय घ्या.

खाली मी सेटिंग्जची इंग्रजी नावं देवनागरीत दिली आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरवर ब्राउझर इंग्रजीतच असतो. कंपन्या दर काही महिन्यांनी ही नावं आणि जागा हलवतात. म्हणून रस्ता पाठ करू नका. सेटिंग्ज उघडलं की तिथे शोधायचा रकाना असतो, त्यात ‘नोटिफिकेशन’ किंवा ‘साइडबार’ असा एक शब्द टाइप केला की हवं ते सापडतं.

कोपऱ्यातल्या चौकटी: सगळ्यात आधी हे

कोपऱ्यातल्या चौकटीला नोटिफिकेशन म्हणतात. बंद असलेली साइटसुद्धा कॉम्प्युटरवर संदेश पाठवू शकेल अशी सोय क्रोममध्ये २०१५ साली आली. मेल आला, कोणी मेसेज केला, हे कळावं म्हणून ती चांगलीच होती. पण जाहिरात विकणाऱ्यांनी तिचा पार चोथा केला.

आपल्याकडे ती कुठून चिकटते? पोलीस भरतीचं हॉल तिकीट, तलाठी भरतीची जाहिरात, बारावीचा निकाल, कापसाचा आजचा भाव. पोरं या गोष्टी शोधत एकातून दुसऱ्या साइटवर जातात. त्यातली एखादी पानभर कोरी दिसते आणि वर लिहिलेलं असतं: ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’. हा धादांत फसवा मजकूर आहे. रोबोट ओळखणाऱ्या खऱ्या चाचणीत चित्रं निवडायची असतात किंवा चौकोनात टिक करायची असते. पत्त्याच्या पट्टीखालून उघडणाऱ्या खिडकीतलं ‘अलाउ’ दाबायला ती कधीच सांगत नाही. ते दाबलं की त्या साइटला तुमच्या स्क्रीनवर येण्याचा परवाना मिळतो, आणि परवाना काढून घेईपर्यंत ती येत राहते.

आता क्रोममध्ये तो परवाना असा काढायचा:

१. वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन उभ्या टिंबांवर क्लिक करा आणि खाली ‘सेटिंग्ज’ निवडा.

२. डाव्या बाजूला ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग मधल्या यादीत ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’.

३. पानाच्या खालच्या भागात ‘अलाउड टू सेंड नोटिफिकेशन्स’ अशी यादी दिसेल. तिच्यात ओळखीची नावं थोडी आणि अनोळखी जास्त असतात. नको त्या नावासमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘ब्लॉक’ करा.

४. वर जा आणि ‘डोन्ट अलाउ साइट्स टू सेंड नोटिफिकेशन्स’ निवडा. आता कुठलीही नवी साइट विचारणारच नाही.

त्याच टिंबांत ‘रिमूव्ह’ पण दिसतं. ते केलं तर नाव यादीतून जातं, पण पुढच्या वेळी तीच साइट पुन्हा परवानगी मागू शकते. ‘ब्लॉक’ केलं तर तिला दार कायमचं बंद. वात्रट साइटला ब्लॉकच करावं.

क्रोममध्ये एक मधला पर्यायही आहे, ‘क्वायटर मेसेजिंग’. साइटने परवानगी मागितली की मोठी खिडकी येत नाही, पत्त्याच्या पट्टीत फक्त घंटीचं छोटं चिन्ह दिसतं. हा २०२० मध्ये आला. ज्यांना मेलची किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेबची सूचना हवी असते त्यांनी तो ठेवायला हरकत नाही. पण घरात तीन-चार जण एकच कॉम्प्युटर वापरत असतील तर माझं मत सरळ आहे: पूर्ण बंद करा. मेल बघायचा तेव्हा माणूस मेल उघडतोच.

फायरफॉक्समध्ये वर उजवीकडच्या तीन आडव्या रेघा, ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, आणि खाली ‘परमिशन्स’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’समोरचं ‘सेटिंग्ज’ बटण. तिथे ‘ब्लॉक न्यू रिक्वेस्ट्स’ने सुरू होणाऱ्या ओळीवर टिक करून ‘सेव्ह चेंजेस’ दाबायला विसरू नका. एजमध्ये सेटिंग्जच्या शोध रकान्यात ‘नोटिफिकेशन’ टाका. यादी क्रोमसारखीच आहे.

आणि तोवर एखादी ‘व्हायरस सापडला’वाली चौकट आलीच, तर तिच्या पोटावर क्लिक करायचं नाही. तिच्यातलं ‘स्कॅन नाऊ’ पण दाबायचं नाही. कोपऱ्यातल्या फुलीवरच जायचं. त्या चौकटीत फोन नंबर असेल तर त्यावर फोन करायचा नाही. पलीकडचा गोडबोल्या माणूस स्क्रीन ताब्यात घेणारं अ‍ॅप टाकायला लावतो आणि खातं रिकामं करतो. कोणी आधीच फसलं असेल, पैसे गेले असतील, तर १९३० हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर लगेच लावा. तिथे वेळेला किंमत आहे, ‘उद्या बँकेत जाऊन पाहू’ म्हणू नका.

ब्राउझर बंद केला तरी चालूच

“मी तर क्रोम बंद केलं होतं, तरी कसं काय आलं?” हाही नेहमीचा प्रश्न. फुली मारली तरी क्रोम मागे चालू राहू शकतं. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ उघडा आणि ‘कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड अ‍ॅप्स व्हेन गूगल क्रोम इज क्लोज्ड’ हे बंद करा.

एजमध्ये ‘सिस्टीम अँड परफॉर्मन्स’मध्ये अशी दोन बटणं आहेत. एक याच अर्थाचं, दुसरं ‘स्टार्टअप बूस्ट’. स्टार्टअप बूस्टमुळे एज लवकर उघडावं म्हणून थोडं आधीच मेमरीत जाऊन बसतं. चार जीबी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरवर, जिथे मुख्य काम क्रोममध्ये चालतं, तिथे ही जागा अडवून ठेवण्यात काही अर्थ नाही. दोन्ही बंद.

एजचा पसारा

विंडोजसोबत एज आपोआप येतं. ब्राउझर म्हणून ते वाईट नाही, काही सरकारी साइट त्यात चांगल्या चालतात. पण पहिल्यांदा उघडल्यावर दिसणारा पसारा पाहून नवा माणूस गोंधळतोच.

नवीन टॅबवरच्या बातम्यांपासून सुरुवात करा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक नव्या टॅबला त्या बातम्या आणि त्यांचे फोटो उतरतात आणि दिवसाचा दीड जीबी फॉर्म भरायच्या आधीच आटायला लागतो. नवीन टॅब उघडा, वर उजवीकडे दातेरी चाकाचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करा. ‘कंटेंट’ किंवा ‘फीड’ असं काहीतरी दिसेल, ते बंद करा. जुन्या एजमध्ये बटणाऐवजी यादी असते, तिच्यातून ‘कंटेंट ऑफ’ निवडायचं. तिथेच मागचं चित्रही बंद करता येतं. उरतो फक्त शोधायचा रकाना, आणि पान चटकन उघडतं.

उजव्या कडेची पट्टी आणि कोपायलटचं (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं) चिन्ह काढायला सेटिंग्जच्या शोध रकान्यात ‘साइडबार’ टाका. पट्टी कायम दाखवायची की नाही याचं बटण तिथे आहे, आणि कोपायलटवर क्लिक केलं की त्याचं चिन्ह लपवायचं बटणही मिळतं. वरच्या पट्टीतली इतर नको असलेली चिन्हं त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘हाइड फ्रॉम टूलबार’ने जातात.

मग येतात त्या बारीक टोचण्या. मजकूर सिलेक्ट केला की लगेच एक छोटा मेन्यू उगवतो. फॉर्ममधला नंबर कॉपी करताना तो नेमका त्याच नंबरवर बसतो. फोटोवर माऊस नेला की कोपऱ्यात शोधायचं चिन्ह येतं. ही दोन्ही सेटिंग्जच्या ‘अपिअरन्स’मधल्या ‘कॉन्टेक्स्ट मेन्यूज’मध्ये आहेत, ‘मिनी मेन्यू’ आणि ‘व्हिज्युअल सर्च’ या नावांनी. खरेदी करताना कूपन दाखवणारी सोय ‘शॉपिंग’ शोधलं की सापडते.

क्रोममध्ये इतका पसारा नसतो. नवीन टॅबवर खाली उजवीकडे ‘कस्टमाइझ क्रोम’ किंवा पेन्सिलचं चिन्ह असतं. त्यात ‘शॉर्टकट्स’ आणि ‘कार्ड्स’ बंद करता येतात. शॉर्टकट्स म्हणजे तुम्ही वारंवार उघडलेल्या साइटची गोल चिन्हं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती नकोतच, आधीच्या गिऱ्हाइकाने काय पाहिलं ते पुढच्याला कशाला दिसायला पाहिजे! फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या ‘होम’मध्ये प्रायोजित शॉर्टकट आणि सुचवलेल्या बातम्या यांच्यावरची टिक काढायची, झालं.

मराठी पान इंग्रजी करू का?

मराठी साइट उघडली की क्रोम विचारतं, हे पान इंग्रजीत करू का. घाईत कोणीतरी हो म्हणतं आणि मग फॉर्मवरचे रकाने, तालुक्यांची नावं, पिकांची यादी सगळं विचित्र इंग्रजीत जातं. शेतकऱ्याला वाटतं साइटच बिघडली.

ही खिडकी आली की तिच्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘नेव्हर ट्रान्सलेट मराठी’ निवडा. पुन्हा विचारणार नाही. विचारणंच मुळात नको असेल तर सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’ उघडून ‘गूगल ट्रान्सलेट’चं बटण बंद करा. याच ठिकाणी मराठी भाषा जोडून क्रोमचे सगळे मेन्यू मराठीत करता येतात. घरातल्या ज्येष्ठांसाठी ते सोयीचं आहे. फक्त मग या लेखातली नावं तुम्हाला जशीच्या तशी दिसणार नाहीत.

सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, ग्रामपंचायत

दहा माणसं वापरतात त्या कॉम्प्युटरवर आणखी एक गोष्ट बंद करणं गरजेचं आहे आणि ती कोणी करत नाही. फॉर्ममध्ये मोबाईल नंबरच्या रकान्यावर क्लिक केलं की खाली आधीच्या माणसांचे नंबर आणि नावं उघडतात. कधी आधारचा नंबरही. शेजारी स्टूल ओढून बसलेला माणूस ते आरामात वाचू शकतो. वर चुकून दुसऱ्याचाच नंबर निवडला तर ओटीपी भलत्याकडे जातो आणि अर्ज अडकतो.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑटोफिल अँड पासवर्ड्स’ उघडा. ‘अ‍ॅड्रेसेस अँड मोअर’मधलं ‘सेव्ह अँड फिल’ बंद करा, ‘पेमेंट मेथड्स’मधलंही करा, आणि पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑफर टू सेव्ह पासवर्ड्स’ बंद करा. मग आधीचं साठलेलं पुसायचं: कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जा, वर वेळ ‘ऑल टाइम’ करा, ‘ऑटोफिल फॉर्म डेटा’वर टिक करा आणि पुसा. बाकीच्या टिका बघून ठेवा किंवा काढा. पासवर्डवर टिक राहिली तर दुकानाचे स्वतःचे साठवलेले पासवर्डही जातील.

गिऱ्हाइकाला स्वतःच्या मेलमध्ये किंवा बँकेत जायचं असेल तर याहून सोपं म्हणजे वर उजवीकडच्या प्रोफाइलच्या गोल चिन्हावर क्लिक करून ‘गेस्ट’ उघडून द्यायचं. काम झालं की त्या सगळ्या खिडक्या बंद करा, ब्राउझरमध्ये मागे काही उरत नाही. उतरवलेली फाइल मात्र डाउनलोडमध्ये राहते, ती हाताने काढावी लागते.

विंडोजचं सामान

टास्कबारवरचं हवामान-बातम्या विंडोज १० मध्ये २०२१ साली आलं. टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक, ‘न्यूज अँड इंटरेस्ट्स’, ‘टर्न ऑफ’. विंडोज ११ मध्ये टास्कबारवर राइट क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’, तिथे ‘विजेट्स’ बंद.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’, ‘नोटिफिकेशन्स’ उघडलं की कुठला प्रोग्राम चौकटी दाखवतो त्याची यादी दिसते. क्रोम किंवा एज इथूनच बंद केलं तर त्यांच्यामार्फत येणारं सगळं एकदम थांबतं. पण हा झाकणाचा उपाय आहे, साइटचा परवाना आत तसाच राहतो. आधी ब्राउझरमध्ये साफ करा, मग हवं तर इथे. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गाच्या मोठ्या स्क्रीनला कॉम्प्युटर जोडणाऱ्या गुरुजींनी मात्र दोन्हीकडे बंद करावं. भूगोलाचा नकाशा दाखवताना कोपऱ्यात पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात आली तर वर्ग तासभर ठिकाणावर येत नाही.

बिघाड नाही, बटण दाबलं गेलं

ब्राउझरचा वरचा पट्टा, टॅब, पत्ता सगळं गायब झालं असेल तर एफ ११ दाबून पाहा. अक्षरं अचानक अवाढव्य किंवा मुंगीएवढी झाली तर कंट्रोल आणि शून्य. बुकमार्कची पट्टी नको असेल किंवा हरवली असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि बी. ‘कॅरेट ब्राउझिंग’ चालू करू का अशी खिडकी आली तर एफ ७ ला हात लागलाय, ‘नो’ म्हणा. स्क्रीन मध्येच काळी पडत असेल, पान सरकवताना चमकत असेल, तर जुन्या कॉम्प्युटरवर ‘सिस्टीम’मधलं ‘ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन’ बंद करून ब्राउझर पुन्हा उघडून पाहा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. गावात लाईन गेली-आली की स्क्रीन लुकलुकते, तो प्रकार वेगळा. त्याला ब्राउझर काही करू शकत नाही.

हे बंद करू नका

सगळं बंद करायच्या भरात काही जण इशारेही बंद करायला बघतात. पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ लिहिलेलं असेल किंवा पूर्ण लाल पान आलं असेल तर ती कटकट नाही. तिथे बँकेचा पासवर्ड टाकायचा नाही. अपडेटची सूचनाही राहू द्या.

विंडोज ७ असलेल्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडताच वर पट्टी येते की आता अपडेट मिळणार नाहीत. ती खरी आहे. २०२३ च्या सुरुवातीला १०९ क्रमांकाच्या आवृत्तीनंतर क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ सोडून दिलं. पट्टी लपवून उपयोग नाही; त्या कॉम्प्युटरवर निदान पैशाचे व्यवहार करू नका.

पॉपअप, म्हणजे आपोआप उघडणारी नवी खिडकी, अडवणाराही पूर्ण काढू नका. चलन किंवा पावती नव्या खिडकीत उघडणाऱ्या सरकारी साइट ‘पॉपअप ब्लॉकर बंद करा’ असं सांगतात. पूर्ण बंद करायची गरज नसते. पावती अडली की पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बारीक चिन्ह येतं. त्यावर क्लिक करून त्या एका साइटपुरतं ‘ऑलवेज अलाउ’ करा, मग पावतीचं बटण पुन्हा दाबा. पैसे भरायचं बटण नव्हे, पावतीचं.

एवढं करूनही जात नसेल तर

मग एक्सटेंशन पाहायचं. तीन टिंबं, ‘एक्सटेंशन्स’, ‘मॅनेज एक्सटेंशन्स’. तिथे दिसणाऱ्या प्रत्येकाबद्दल घरात विचारा, हे कोणी टाकलं. कोणालाच ठाऊक नसेल तर ‘रिमूव्ह’. सेटिंग्जच्या ‘ऑन स्टार्टअप’मध्ये एखादं परकं पान बसलं असेल तर ते काढून ‘ओपन द न्यू टॅब पेज’ करा.

तरीही नाही गेलं, तर शेवटी क्रोमच्या सेटिंग्जमधलं ‘रीसेट सेटिंग्ज’. याने सगळी एक्सटेंशन्स बंद पडतात, सुरुवातीचं पान आणि शोध इंजिन मूळ जागी येतं, कुकीज पुसल्या जातात, म्हणजे उघडलेल्या साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. बुकमार्क, हिस्ट्री आणि साठवलेले पासवर्ड शाबूत राहतात. पण साइटच्या परवान्यांच्या सेटिंग्जही पहिल्यासारख्या होतात, म्हणून रीसेट झाल्या झाल्या नोटिफिकेशनचं पान उघडून ‘डोन्ट अलाउ’ पुन्हा निवडून ठेवा.